वारूळ पावसात टिकतं, मग आपला बांध का खचतो? मातीच्या नव्या शास्त्राची सोपी ओळख

पेठ वडगाव : दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. ओढ्याकडंचा बांध स्वच्छ दिसावा म्हणून आम्ही उन्हाळ्यात त्याच्यावर तणनाशक मारलं. गवत जळालं, बांध उघडा पडला. जुलैत दोन दिवस सलग पाऊस लागला आणि बांध खचला. सोबत उसाच्या दोन सऱ्या ओढ्यात गेल्या. थोरले चुलते बघायला आले आणि एवढंच बोलले, "आरं, गवात मारलंस तवाच बांध मारलास."

त्याच बांधापासून पन्नास पावलांवर एक जुनं वारूळ आहे. त्याच पावसात ते जागच्या जागी होतं. माती तीच आणि पाऊसही तोच, तर मग फरक कशाचा? हाच प्रश्न घेऊन आज जगभरातले अभियंते कामाला लागलेत. जीवजंतू, मुळं, मुंग्या, साप यांच्याकडून मातीकाम शिकायचं, असं हे शास्त्र आहे. ते आपल्या कामाचं किती, आपल्या पोरांना आणि गावाला ते कुठं बघायला मिळेल, ते आज समजून घेऊ.

हे शास्त्र आहे तरी काय?

घर, पूल, धरण, रस्ता काहीही बांधा, शेवटी भार मातीवरच येतो. ती माती किती भार पेलेल, कधी सरकेल, कधी खचेल याचा हिशेब करणारी अभियांत्रिकीची एक शाखा आहे. आपण तिला भू-तंत्र म्हणू. आजवर माती घट्ट करायची म्हणजे सिमेंट, चुना, लोखंड, दगड आणि रोलर एवढंच होतं. सिमेंटला भट्टी लागते, भट्टीला कोळसा लागतो, आणि खर्च तर आपल्याला माहीतच आहे.

निसर्ग हेच काम भट्टीशिवाय करतो, मग आपण का नाही, या विचारातून २०१५ साली अमेरिकेत एक मोठं संशोधन केंद्र सुरू झालं. अॅरिझोना राज्य विद्यापीठ त्यात पुढं होतं आणि आणखी तीन विद्यापीठं सोबत होती. पैसा तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा. केंद्राचं नाव लांबलचक आहे: सेंटर फॉर बायो-मीडिएटेड अँड बायो-इन्स्पायर्ड जिओटेक्निक्स. नावातच दोन भाग आहेत. पहिला म्हणजे जिवाणूंकडून प्रत्यक्ष काम करून घेणं. दुसरा म्हणजे प्राण्यांची आणि झाडांची युक्ती बघून तशी वस्तू बनवणं.

वारुळाचं गुपित

आपल्या देशातलंच उदाहरण आधी घेऊ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कीटकांचे अभ्यासक आणि स्थापत्य अभियंते यांनी मिळून वारुळाची माती तपासली. वाळवी मातीची बारीक गोळी करते, तिच्यात तोंडातला चिकट स्राव मिसळते आणि गोळीवर गोळी रचत जाते. अशा मातीची ताकद आजूबाजूच्या साध्या मातीच्या सुमारे दहापट भरली.

उसाच्या कांड्याचे डोळे खाणारी हीच वाळवी आपल्याला वैरी वाटते. पण गवंडीकाम मात्र तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. नागपंचमीला आपण वारूळ पुजतो, ते बांधणारी कारागीर हीच.

युरियाचा वास आणि दगड झालेली वाळू

आता जिवाणूंचं काम बघू. ओल्या रानात युरिया उघडा टाकला की दुसऱ्या दिवशी नाकाला झोंबणारा वास येतो. तो अमोनिया. मातीतल्या जिवाणूंकडं युरिएज नावाचं एक विकर असतं. ते युरिया फोडतं, त्यातून अमोनिया आणि कार्बोनेट तयार होतं. आपल्यासाठी तो खताचा तोटा.

पण त्याच वेळी मातीत कॅल्शियमचं पाणी सोडलं, तर कार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र येऊन कॅल्साइट बनतं. कॅल्साइट म्हणजे चुनखडीच. वाळूच्या कणाकणांत ही चुनखडी बसते आणि सुटी वाळू जागेवरच दगडासारखी बांधली जाते. खोदाई नाही, रोलर नाही. भूकंपात ओली वाळू पातळ होऊन वरची इमारत कलंडते, ते टाळायला ही पद्धत उपयोगी पडेल, अशी अभियंत्यांना आशा आहे. वाऱ्यानं उडणारी धूळ बसवायला आणि उताराची धूप थांबवायलाही तिचे प्रयोग झालेत.

जिवाणू न वापरता नुसतं युरिएज वापरायची दुसरी वाट आहे. हे विकर मिळतं कशातून? जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांतून. ही आपल्या अबईच्या शेंगेची चुलत बहीण म्हणा. याच बियांतून जेम्स समनर या शास्त्रज्ञानं १९२६ साली युरिएजचे स्फटिक वेगळे केले आणि १९४६ साली त्याला नोबेल मिळालं. शंभर वर्षांपूर्वीचा शोध आता मातीकामाला येतोय.

इथं एक इशारा. हे वाचून कुणी बांधावर युरिया ओतू नका. नुसत्या युरियानं बांध घट्ट होत नाही. या पद्धतीत अमोनिया मागं उरतो, तो धुवून काढावा लागतो, नाहीतर विहिरीच्या पाण्यात उतरतो. शिवाय अनुदानाचा निमकोटेड युरिया शेतीसाठीच वापरायचा असतो. हे काम प्रयोगशाळेचं आणि तज्ज्ञांचं आहे.

सापाची कात आणि झाडाची मुळी

सापाच्या पोटाकडून डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवला तर खवले गुळगुळीत लागतात. उलटा फिरवला तर अडतात. म्हणून साप पुढं सहज सरकतो, मागं घसरत नाही. पुलाखाली जमिनीत जे खांब ठोकतात, त्यांना असेच खवले दिले तर? ठोकताना कमी जोर लागेल आणि भार आला की खांब अडून बसेल. अशा खांबांच्या चाचण्या वरच्या केंद्रातल्या संशोधकांनी केल्यात. मुंग्या बीळ खोदताना ते कोसळू का देत नाहीत, शिंपला वाळूत स्वतःला कसा रोवून घेतो, झाडाची मुळं एवढं मोठं खोड वादळात कशी धरून ठेवतात, हे सगळं मोजून बघण्याचं काम चाललंय.

आपल्या काळ्या रानाशी मिळतीजुळती एक युक्ती भारतात फार पूर्वीपासून आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कारण तिच्यातली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते. म्हणून काळ्या रानातल्या घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं यासाठी खाली फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब काढला. फुगवटा खांबाच्या जाडीच्या साधारण अडीचपट असतो. खोल काळ्या मातीत तो किमान साडेतीन मीटर खाली नेतात, म्हणजे जिथं ओल वर्षभर फारशी बदलत नाही तिथं तो बसतो. कंदासारखाच प्रकार. वर माती कितीही हलू दे, खालचा कंद जागा सोडत नाही. काळ्या रानात घर बांधणार असाल तर पाया भरण्याआधी अभियंत्याला याबद्दल नक्की विचारा.

हे आपल्याला का महत्त्वाचं?

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथं २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत. २०२१ च्या त्याच जुलैत आपल्या पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाट बंद झाली. म्हणजे हा विषय लांबचा नाही.

वडगाव परिसर वारणेच्या खोऱ्यातला, बराचसा सपाट. आपल्याकडं दरड नाही, पण नदीकाठ आणि ओढ्याकाठ तुटतो, विहिरीची कड ढासळते, पाणंद खचते. माणूस जात नाही, पण जमीन जाते. आणि गेलेली माती परत येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. गवत आणि झाडाची मुळं वरची दोन-तीन मीटर माती धरतात. त्याखालून अख्खा डोंगर सरकायला लागला तर कुठलंही गवत त्याला थोपवू शकत नाही. डोंगराला नवी भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा आटलं, घराची दारं अचानक बसेनाशी झाली, तर तिथून बाहेर पडायचं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, पोलीस आणि तातडीची मदत ११२. हे दोन्ही नंबर मोबाईलमध्ये आजच ठेवा. डोंगराकडं पाहुणे असतील तर त्यांनाही सांगा.

आपल्या हातातला उपाय : वाळा

वाळा आपल्याला माठात टाकायला आणि कूलरच्या पडद्याला माहीत आहे. पण धूप थांबवायला हेच गवत जगभर वापरतात. मूळ आपल्याच देशातलं. कर्नाटकातल्या गुंडलुपेट भागातले शेतकरी ते बांधावर पिढ्यान् पिढ्या लावत आले. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी त्याचा प्रसार केला. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली तीन-चार मीटरपर्यंत जातात, त्यामुळं पिकाशी फारसं भांडण नाही. एका मोजणीत मुळीची ताणशक्ती साध्या पोलादाच्या जवळपास एक षष्ठांश भरली. एका मुळीला नव्हे, हजारो मुळ्यांना मिळून बांध अडकून राहतो.

लावताना एवढं बघा :

- बी न धरणाऱ्या जातीचे ठोंब घ्या, म्हणजे रानभर पसरणार नाही.
- दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. उताराला आडवी, सलग ओळ धरा. मधे फट राहिली तर पाणी तिथूनच फोडतं.
- पहिलं वर्ष जनावरांपासून राखा, मेलेले ठोंब लगेच सांधा.
- वाढ झाली की वीत-दीड वीत ठेवून कापा. फुटवे वाढतात, ओळ दाट होते.
- वाळ्याला सावली सोसत नाही. उंच उसाच्या अगदी पोटाशी लावलात तर दम धरणार नाही. ओढ्याकडच्या उघड्या उतारावर लावा.

आमच्या खचलेल्या बांधावर गेल्या मृगात अशी एक ओळ लावली. पहिल्या दोन महिन्यांत शेळ्यांनी चौथाई ओळ संपवली, ती पुन्हा सांधली. यंदा बांध जागेवर आहे. एका पावसाळ्यावरून मोठी बढाई मारणार नाही, पण तणनाशकाचा पंप बांधावर पुन्हा चढवला नाही.

नदीकाठाला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, बांबू हीच जुनी फौज. पुरात लव्हाळं का टिकतं, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. अभियंते आता तेच आकड्यांत मोजतायत.

येत्या सहा महिन्यांत कुठं, काय?

परदेशातलं केंद्र शाळेतल्या शिक्षकांना आणि पोरांनाही आपल्या कामात ओढून घेतं. आपल्याला त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. पुढचे दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा :

१५ सप्टेंबर, अभियंता दिन. सर विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. खडकवासला धरणावर १९०३ साली त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. या दिवशी अभियांत्रिकी कॉलेजांत कार्यक्रम असतात. दहावी-बारावीच्या पोरांनी आधी विचारून माती तपासणीची प्रयोगशाळा बघून यावी.

२ ऑक्टोबर, ग्रामसभा. वडगावला नगरपालिका आहे, पण भोवतालच्या गावांत ग्रामसभा होते. ओढ्याकाठच्या कुठल्या जागा तुटतायत त्याची यादी तोंडी नको, लेखी द्या. मोबाईलवर पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा फोटो जोडा.

१३ ऑक्टोबर, आपत्ती धोके कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस. शाळेत वरचे दोन नंबर आणि दरडीच्या खुणा पाठ करून घ्यायला एक तास पुरे.

५ डिसेंबर, जागतिक मृदा दिन. कृषी विज्ञान केंद्रांत मातीचा कार्यक्रम असतो. आपल्याला जवळचं केंद्र तळसंद्याचं, दुसरं कणेरीचं. वाळ्याचे ठोंब कुठं मिळतील, हेही तिथंच विचारा. पुढच्या मृगाला लावायचा असेल तर रोपं आधीपासून वाढवावी लागतात.

हिवाळ्यातली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं. कॉलेजची पोरं सात दिवस गावात राहतात. रस्ता झाडणं आणि रंगरंगोटी नेहमीचीच. यंदा त्यांच्याकडून ओढ्याकाठी शंभर मीटर वाळा लावायची तयारी करून घ्या. पत्र आधी द्यावं लागतं.

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळेच्या प्रदर्शनात ज्वालामुखी दरवर्षीच असतो. यंदा हा प्रयोग करा. पाण्याचे दोन मोठे रिकामे कॅन आडवे ठेवून वरून कापा. दोन्हींत एकाच रानातली माती भरा. एकात महिनाभर आधी गवत उगवू द्या, दुसरा उघडा ठेवा. दोन्ही सारख्या उतारावर ठेवून तोंडाखाली काचेचा ग्लास लावा आणि झारीनं सारखंच पाणी घाला. उघड्या मातीच्या ग्लासात गढूळ चहा येईल, गवताच्या ग्लासात बरंच निवळ पाणी. खर्च जवळपास शून्य, पण पोरगं जन्मभर विसरणार नाही. आणि घरी जाऊन बापाला विचारेल, "आप्पा, आपल्या बांधावर गवत का नाही?"

त्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडं दोन वर्षांपूर्वी उत्तर नव्हतं. तुमच्याकडं पुढच्या पावसाळ्याआधी असावं, म्हणून एवढं लिहिलं.