विक्का, सैतान आणि डाकीण : एका आरोपाची चिकित्सा

पाश्चात्त्य देशांत ‘विक्का’ नावाचा एक अर्वाचीन धर्मपंथ आहे. मराठी वाचकास त्याची ओळख झालीच तर ती चित्रपटांतून अथवा भाषांतरित कादंबऱ्यांतून होते, आणि तीही ‘चेटकिणींचा पंथ’, ‘सैतानाचे उपासक’ अशाच शब्दांत होते. हा पंथ जळगाव-धुळ्याकडे नाही. मग बौद्ध अभ्यासकाने त्याचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पंथ जरी दूरचा असला तरी त्याच्यावर केला जाणारा आरोप दूरचा नाही. तोच आरोप सातपुड्याच्या पायथ्याशी ‘डाकीण’ या नावाने निरपराध स्त्रियांवर केला जातो. एका ठिकाणी तो कसा रचला जातो हे समजले, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तो ओळखणे सोपे जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

विक्का म्हणजे काय?

विक्का हा प्राचीन धर्म नव्हे. त्याची उभारणी विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये झाली. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हे गृहस्थ मलायात सरकारी नोकरीत होते. निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. इंग्लंडमधील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनर यांनी या पंथाविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे चालत आलेला हा धर्म आहे, असा त्यांचा दावा होता. मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ साली मांडलेल्या सिद्धांताचा त्यास आधार होता. पुढील इतिहाससंशोधकांनी तो सिद्धांत अग्राह्य ठरविला. रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात विक्काची जडणघडण आधुनिकच आहे, हे सविस्तर दाखविले आहे.

या पंथाचे अनुयायी एक देवी व एक शिंगे असलेला देव यांची उपासना करतात, ऋतुचक्राशी निगडित असे वर्षातून आठ उत्सव पाळतात आणि कोणासही इजा न करणे हे आपल्या नीतीचे सूत्र मानतात. पंचकोनी तारा हे त्यांचे चिन्ह पृथ्वी, आप, तेज, वायू व आत्मतत्त्व यांचे द्योतक समजले जाते. अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने १९८६ साली विक्का हा धर्म असल्याचे मान्य केले, आणि २००७ पासून तेथील दिवंगत सैनिकांच्या सरकारी स्मृतिशिळांवर हे चिन्ह कोरण्यास अनुमती मिळाली.

सैतानाचे स्थान या पंथात कोठे आहे? कोठेच नाही. सैतान ही यहुदी, ख्रिस्ती व इस्लामी परंपरेतील कल्पना होय. एक सर्वशक्तिमान ईश्वर मानला म्हणजेच त्याच्या वैऱ्यास स्थान मिळते. ज्या पंथात तसा ईश्वरच नाही, त्यात त्याचा वैरी कोठून येणार? स्वतःस ‘सैतानपंथी’ म्हणविणारी संघटना निराळी आहे. ती अँटन लावे यांनी १९६६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केली. तिच्याशी विक्काचा संबंध नाही. शिवाय लावे यांचे अनुयायीही सैतान नावाची कोणी व्यक्ती खरोखर आहे असे मानीत नाहीत. त्यांच्या लेखी ते एक प्रतीक आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विक्काचे अनुयायी मंत्रविधींवर विश्वास ठेवतात. बौद्धांस तो मान्य होण्यासारखा नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात अशा विद्यांची गणना ‘तिरच्छानविज्जा’ म्हणजे हीन विद्या म्हणून केलेली आहे. परंतु एखादे मत न पटणे ही एक गोष्ट आणि ते मानणारास राक्षस ठरविणे ही दुसरी. पहिलीत विचार असतो, तर दुसरीत केवळ भीती असते.

आरोपाचा इतिहास

मग सैतानाचा संबंध जोडला कोणी? तो आरोप करणारांनी जोडला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत चेटकिणींचा शोध व शिक्षा यांसंबंधी एक कुप्रसिद्ध ग्रंथ छापला गेला. चेटकीण सैतानाशी करार करते व अर्भकांचा बळी घेते, ही समजूत अशा लेखनातून न्यायाधीशांच्या हाती आली. पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान युरोपात सुमारे चाळीस ते साठ हजार व्यक्तींना या आरोपावरून ठार करण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांची कबुली बहुधा छळाने मिळविलेली असे. करार सैतानाशी झाल्याचा पुरावा म्हणजे हीच कबुली!

हा इतिहास जुना झाला असे समजू नये. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत सैतानपूजक गुप्तपणे मुलांचा छळ करतात अशी अफवा पसरली. कॅलिफोर्नियातील एका बालकमंदिराच्या चालकांवर व शिक्षिकांवर १९८३ पासून चाललेले मॅकमार्टिन प्रकरण १९९० साली संपले, तेव्हा एकही आरोप सिद्ध झाला नव्हता. त्यांपैकी एका आरोपीची मात्र अनेक वर्षे तुरुंगात गेली होती. अशा संघटित सैतानपूजक गुन्हेगारीचा पुरावा आढळत नाही, असे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेतील तज्ज्ञ केनेथ लॅनिंग यांनी १९९२ च्या आपल्या अहवालात नमूद केले.

या साऱ्या घटनांत एक गोष्ट समान दिसते. आरोपाच्या केंद्रस्थानी लहान मूल असते. मुलाविषयीची काळजी ही माणसाची अत्यंत खरी भावना आहे, म्हणूनच तिच्या आधाराने उभारलेला आरोप तपासण्याचे धैर्य कोणास होत नाही.

सातपुड्यातील डाकीण

आता आपल्या भागाकडे वळू. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे होत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाज राहतात. येथे ‘डाकीण’ किंवा ‘डाकण’ ठरविलेल्या स्त्रीवर ती मुलांना खाते, गुरांचे दूध आटविते, रोगराई आणते, असे आरोप होतात. तिला ओळखण्याचे काम बडवा किंवा भगत करतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नोंदींत भिल्लांमधील अशा स्त्रीच्या डोळ्यांवर मिरची बांधून तिला झाडास उलटे टांगल्याची वर्णने आढळतात. मारहाण, गावातून हुसकावणे, प्रसंगी हत्या असे प्रकार आजही पूर्णतः थांबलेले नाहीत.

ही केवळ आदिवासींची ‘मागासलेली’ रीत आहे, असे म्हणणारांनी वर सांगितलेला युरोप-अमेरिकेचा इतिहास आठवावा. अज्ञान कोणत्याही एका जमातीचे नसते. ज्या वस्तीत दवाखाना दूर आणि बडवा जवळ असतो, तेथे मरणाचे कारण बडवाच सांगतो.

सिकलसेल या रक्तविकाराचे उदाहरण घ्यावे. हा विकार खानदेशातील आदिवासींमध्ये आढळतो. आई व वडील दोघेही त्याचे वाहक असले तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारात एक असते. आईबाप धडधाकट दिसतात, परंतु एकाच घरातील मुले एकामागून एक आजारी पडतात. त्यांचे सांधे दुखतात, रक्त कमी होते. रक्ततपासणी झाली नाही तर या घटनेचे कारण कोणास दिसावे? मग शेजारची एकाकी विधवा दिसते. तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असला आणि भाऊबंदांचा त्यावर डोळा असला, तर बडव्याचे बोट तिच्याकडे वळण्यास वेळ लागत नाही. अशा प्रसंगी आम्ही दोनच प्रश्न विचारावेत असे सुचवितो : हे मूल कशाने आजारी पडले? आणि ही स्त्री गावातून गेल्यास लाभ कोणाचा?

आरोप स्त्रीवरच होतो असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. तेथे डाकीण हा शब्द उच्चारला गेला नव्हता. पण मुलांविषयीची भीती तीच, परका माणूस तोच, आणि तपासाआधीची शिक्षाही तीच होती.

आपला यात काय संबंध?

आंबेडकरी बौद्धांस हा आरोप परिचयाचा असला पाहिजे. गावात पटकी आली, गुरे मेली, की करणीचा वा विषप्रयोगाचा संशय गावकुसाबाहेरील वस्तीवर घ्यावयाचा, ही आपल्या पूर्वजांनी भोगलेली रीत आहे. बौद्ध धम्मासही असेच नाव मिळाले. पुराणकारांनी तथागतांस विष्णूचा अवतार ठरविले. तो अवतार कशासाठी, तर असुरांना मोहात पाडून कुमार्गास लावण्यासाठी! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचव्या प्रतिज्ञेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अवतारवाद खोडसाळ प्रचार म्हणून नाकारावयास लावला. दुसऱ्याच्या श्रद्धेस आपल्या पुराणातील खलपात्राची जागा द्यावयाची, ही युक्ती विक्काच्या बाबतीत वापरली गेली आणि आपल्या बाबतीतही.

शब्दांचाही विपर्यास पाहण्यासारखा आहे. वज्रयान परंपरेत ‘डाकिनी’ ही प्रज्ञेचे प्रतीक असलेली स्त्री आहे. तिबेटी भाषेत तिला आकाशगामिनी अशा अर्थाचे नाव आहे. हाच शब्द लोकभाषेत भीतीचा झाला. तसेच काही जण ‘मार’ म्हणजे बौद्धांचा सैतान असे सांगतात. हे बरोबर नाही. मार हा कोणा ईश्वराचा वैरी नव्हे. तृष्णा, भय व संशय यांचे ते रूप आहे, आणि त्याची सेना आपल्याच चित्तात असते. सुत्तांतून मार ओळखला गेला म्हणजे खिन्न होऊन निघून जातो. त्याच्यासाठी कोणास जाळावे लागत नाही. अजिंठ्याच्या क्रमांक १ च्या लेण्यातील चित्रात आणि क्रमांक २६ मधील शिल्पात हा मारविजय कोरला-रंगविला आहे. त्यात तथागत शस्त्र घेत नाहीत, हात भूमीस लावतात.

त्याच अजिंठ्यात क्रमांक २ च्या लेण्यात हारितीची मूर्ती आहे. कथा अशी की, राजगृहाची मुले पळवून खाणाऱ्या या यक्षिणीस स्वतःची पाचशे मुले होती. तथागतांनी तिचे धाकटे मूल लपविले. ती शोक करू लागली तेव्हा, पाचशेतील एक गेला तर तुला एवढे दुःख होते, मग ज्यांचे एकच होते त्या मातांचे काय झाले असेल, असे त्यांनी तिला विचारले. ती पालटली, मुलांची रक्षक झाली, आणि तिच्या अन्नाची जबाबदारी संघाने घेतली. भारतीय विहारांत भोजनगृहाजवळ तिची प्रतिमा असे व तिला रोज अन्न ठेवले जाई, असे सातव्या शतकात येऊन गेलेल्या इत्सिंगने नोंदविले आहे.

ही कथा आहे, इतिहास नव्हे. तिचा आशय मात्र स्पष्ट आहे. कथेतील हारितीने खरोखर मुले मारली होती, तरी तथागतांनी तिला गावाबाहेर काढले नाही. आमच्या खेड्यातील बाईने तर काहीच केलेले नाही.

कायदा व कर्तव्य

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्राचा नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, दूध आटविते, रोगराई पसरविते असे सांगून तिचे जगणे कठीण करणे, तसेच तिला सैतान वा सैतानाचा अवतार ठरविणे, हे या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. गावाने वाळीत टाकले असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही लागू करता येतो.

कायदा कागदावर राहू नये म्हणून आपण काही साध्या गोष्टी करू शकतो. कोणा स्त्रीविषयी असा बोभाटा कानी आला तर तो पुढे नेऊ नये. तिच्या घरी जाऊन बसावे, चारचौघांसमक्ष तिच्या हातचे पाणी प्यावे. पाणी नाकारले जाण्याचा अर्थ आपणास कोणी शिकविण्याची गरज नाही. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविण्यास तिच्याबरोबर जावे. आणि ज्या घरातील मूल आजारी आहे त्या घरासही दोष देत बसू नये. त्या मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्यावे. मुलाविषयीची ती काळजी खरी आहे. मुलास औषध मिळाले म्हणजे त्या काळजीस शत्रू शोधण्याची गरज उरत नाही.

दरवर्षी ३१ जुलै रोजी, बाबासाहेबांच्या १९३७ च्या धुळे भेटीचे स्मरण म्हणून, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपले बांधव मोठ्या संख्येने जमतात. तेथून परतताना प्रत्येक विहाराने आपल्या पंचक्रोशीतील एक तरी पाडा या कामासाठी निवडावा, अशी आमची सूचना आहे.