कारागृहांतील गर्दी : सरासरीच्या आकड्याआड काय दडते?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील १,३३० कारागृहांची अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती. प्रत्यक्षात तेथे ५,७३,२२० बंदी होते. म्हणजेच शंभर जणांच्या जागेत सरासरी १३१ जण राहत होते. मात्र ही एका दिवसाची गणना आहे आणि ती देशाची सरासरी आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. त्याच दिवशी उत्तर प्रदेशात हे प्रमाण सुमारे १८० टक्के होते, तर तमिळनाडूत शंभराच्याही खाली.

क्षमता ठरते ती प्रामुख्याने झोपण्याच्या जागेवरून. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत सामायिक बराकीत प्रत्येक बंद्यास ३.७१ चौरस मीटर जागा सुचविण्यात आली आहे. या मापाने शंभर जणांसाठी बांधलेल्या बराकीत १३१ जण ठेवल्यास प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २.८ चौरस मीटर येते. शौचालये व पाणी यांवरील ताण तर टक्केवारीत दिसतही नाही.

याउलट महिला कारागृहे आणि खुली कारागृहे यांत जागा रिकाम्या असतात. त्या वापरून गर्दी कमी का होत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. खुल्या कारागृहात चांगल्या वर्तनाच्या, शिक्षा झालेल्या बंद्यांचीच निवड केली जाते. आणि २०२२ च्या अखेरीस एकूण बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. या 'कच्च्या कैद्यां'ना ते दार बंदच असते. नव्या बराकी बांधणे हा त्यामुळे अर्धाच उपाय ठरतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४७९ नुसार, आरोप असलेल्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढलेल्या, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या बंद्यास जामिनाची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी वा जन्मठेपेस पात्र गुन्हे, तसेच एकापेक्षा अधिक खटले प्रलंबित असलेले बंदी यातून वगळले आहेत. ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे.