घरच्या छापखान्याची मागणीवही

कुंडलिका नदीनें जालना शहराचे जुना व नवीन असे दोन भाग केले आहेत. नांवलौकिक मात्र दोहोंचा एकच, आणि त्यांत पोलादाबरोबर मोठा वांटा बियाण्याचा आहे. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्याची कंपनी स्थापन केली, आणि पुढें हा धंदा या गांवीं मूळ धरून बसला. या धंद्याला शेत, गोदाम व प्रयोगशाळा लागते हें कोणीही सांगेल. त्याला छापखानाही लागतो, हें नवीन जालन्यांतील रहिवाशाच्याही सहसा ध्यानांत येत नाहीं.

१९६६ च्या बियाणें कायद्यानें व १९६८ च्या नियमांनीं पिशवीवर काय लिहिलेलें असावें हें ठरवून दिलें आहे: पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ति, शुद्धता, परीक्षेची तारीख वगैरे. अकोल्यास मुख्य कचेरी असलेल्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेनें प्रमाणित केलेल्या बियाण्यास निळी चिठ्ठी लागते. उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर विकतो त्या सत्यप्रत बियाण्यास हिरवी. पिशवीचें रंगीत वेष्टण बाहेरून छापून आणतां येतें; परंतु क्रमांक आणि तारीख दर लॉटला बदलते, म्हणून तेवढा मजकूर कारखान्यांतच छापणें सोयीचें पडतें. हाच घरचा छापखाना.

त्याच्या अडचणीचें मूळही या घरगुतीपणांतच आहे. बाहेर पैसे मोजावे लागतात, म्हणून माणूस मागणी लिहून देतो व प्रूफावर सही करतो. घरच्या छापखान्यांत गिऱ्हाईक आणि छापणारा एकाच छपराखालीं असतात; कोणी फोनवर सांगतो, कोणी चिठ्ठी धाडतो, कोणी जातां जातां दारांतून हांक मारतो. हें सारें एका जुन्या फोरमनच्या डोक्यांत सांठवलेलें असतें. तो दोन दिवस आजारी पडला, कीं कोणतें काम कोणाचें हें कोणास ठाऊक नसतें. आणि मेअखेरीस गोदामांत पिशव्यांच्या थप्प्या लागल्या असतां एखाद्या लॉटवर मागल्या लॉटची तारीख छापली गेली, तर तो माल अडकतो. मृगाचा पाऊस त्याच्यासाठीं थांबत नाहीं.

मागण्या नोंदविण्याचें सॉफ्टवेअर म्हणजे या तोंडी व्यवहारास लावलेली शिस्त होय. मागणी करणारा आपल्या जागेवरूनच संगणकावर एक तक्ता भरतो. लॉट क्रमांक, संख्या, माल केव्हां हवा, यांपैकीं एक रकाना जरी रिकामा राहिला तरी मागणी पुढें सरकत नाहीं. ती पुरी भरली कीं तिला क्रमांक मिळतो. मग नमुना तयार होऊन प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्यापुढें जातो, आणि त्याची संमति नोंदली गेल्यावरच यंत्र सुरू करावयाचें. काम कोठवर आलें हें सर्वांस दिसतें. ‘आमचीं लेबलें झालीं कां?’ असें विचारीत दिवसांतून दहा वेळां कोणी डोकावत नाहीं. हें सुख केवढें, तें छापणाऱ्यालाच विचारावें.

खरे कष्ट सॉफ्टवेअर घेतल्यानंतर सुरू होतात. सोयाबीनच्या एकाच वाणास कोणी ‘जे. एस. ३३५’ लिहितो, कोणी नुसतें ‘३३५’. माणसाला तें एकच. संगणकाला तीं दोन. तेव्हां प्रथम नांवांची यादी पक्की करावी लागते, आणि तें कंटाळवाणें काम बाहेरच्या तंत्रज्ञास जमत नाहीं. त्यास फोरमनच पाहिजे. आपल्या डोक्यांतलें सारें उतरवून घेऊन मग आपणांसच बाजूला सारणार, अशी शंका त्याच्या मनांत आली तर ती वावगी नव्हे. मालकानें ती आरंभींच स्पष्ट शब्दांत दूर करावी, नाहीं तर यादी अपुरी राहते. आरंभही श्रावणांत करावा, वैशाखांत नव्हे. खरिपाची घाई सरलेली असतां महिना-दोन महिने जुनी वही व संगणक दोन्ही चालवावीं आणि दर शनिवारीं ताडून पाहावीं. ‘तातडीचें’ हा शेरा मारण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. तो सर्वांस दिला तर प्रत्येक काम तातडीचें होतें. आणि मालकानें स्वतः फोन उचलून ‘एवढें आधीं करून द्या’ म्हटलें, कीं सारा बांध फुटलाच.

सॉफ्टवेअर खरेंखोटें मात्र जाणत नाहीं. सोयाबीनची उगवणशक्ति निदान ७० टक्के असावी लागते. परीक्षेंत ६७ आली असतां कोणी चुकून ७६ भरले, तर तो आंकडा तितक्याच निष्ठेनें हजारों पिशव्यांवर छापला जाईल. म्हणून प्रयोगशाळेचा मूळ कागद समोर ठेवूनच संमति द्यावयाची. तेथें माणसाच्या डोळ्यांस पर्याय नाहीं. २०२३ सालीं केंद्र सरकारनें ‘साथी’ ही बियाण्याचा माग ठेवणारी प्रणाली सुरू केली. तींत पिशवीवरील क्यूआर कोडवरून बियाणें कोठून आलें हें पाहतां येतें. कोडांतील माहिती आणि शेजारीं छापलेला लॉट क्रमांक जुळला नाहीं, तर तें आतां दुकानांत उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या मोबाईलवर दिसूं शकेल.