मुलांचे आणि मोठ्यांचे वाचन (लेखांक ६) : शेजारचे घर, दूरचा देश

निरनिराळ्या जातीधर्मांची, भाषांची आणि देशांची माणसे ज्या पुस्तकांत पाहुण्यासारखी न येता आपल्या घरात वावरावे तशी वावरतात, त्यांना बहुसांस्कृतिक पुस्तके म्हणतात. अशी पुस्तके मुद्दाम निवडावी लागतात हा विचार अमेरिकेत ठळकपणे पुढे आला. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांत निघालेली मुलांची ५,२०६ पुस्तके तपासली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. म्हणजे शंभरांत सातसुद्धा नाही. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी पुस्तकाला आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. मुलाला पुस्तकात स्वतःचा चेहरा दिसावा आणि दुसऱ्याचे अंगणही दिसावे, असा तिचा अर्थ. ज्याला आरसा कधीच मिळत नाही, त्याला आपले जगणे पुस्तकात येण्याजोगे नाही असे वाटू लागते. ज्याला फक्त आरसाच मिळतो, तो आपल्या घरालाच जग समजतो.

मराठी वाचकाला दूरचे देश तसे लवकर भेटले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे अरबी भाषेतील सुरस कथा एकोणिसाव्या शतकातच मराठीत आल्या. नंतर सोव्हिएत प्रकाशनांची चित्रमय पुस्तके स्वस्तात घरोघर पोचली. त्या मानाने गावकुसाबाहेरची वस्ती, पाल, पाडा, मोहल्ला आणि वाडीतले चर्च मुलांच्या पुस्तकांत फार थोडे दिसतात. म्हणून मराठी घरासाठी पुस्तके निवडताना दूरच्या देशाइतकीच शेजारच्या घराचीही आठवण ठेवावी लागते.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गोष्ट कोण सांगतो आहे. ज्याने ते जगणे सोसले आहे त्याच्या सांगण्यात बारकावे असतात. बाहेरच्याने लिहूच नये असा मात्र याचा अर्थ नाही. ‘द स्नोई डे’ हे १९६२ चे चित्रपुस्तक एझ्रा जॅक कीट्स या ज्यू कुटुंबातल्या गोऱ्या चित्रकाराने केले. त्यातला पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा बर्फात खेळतो आणि घरी येतो, एवढीच गोष्ट आहे. त्याच्या रंगाचा पुस्तकात उल्लेखही नाही, आणि तो कोणत्याही मुलाला आपला वाटतो. दुसरी गोष्ट, पुस्तकात माणूस आहे की नमुना. सण, पेहराव आणि खाद्यपदार्थ यांवरच समाजाची ओळख संपत असेल, तर ते पुस्तक प्रदर्शनातल्या फलकासारखे होते. तिसरी गोष्ट, एका पुस्तकावर थांबू नये. नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९ च्या एका प्रसिद्ध व्याख्यानात हाच धोका सांगितला : कोणत्याही लोकांविषयी एकच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकली की तीच त्यांची संपूर्ण ओळख होऊन बसते.

लहान मुलांना आधी चित्रे हवीत. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम यांचे ‘द लंडन जंगल बुक’ (२००४) यासाठी फार चांगले. लंडनमधल्या एका हॉटेलच्या भिंती रंगवायला गेलेल्या या चित्रकाराला बिग बेनचे घड्याळ कोंबड्यासारखे दिसले, कारण दोघांचेही काम वेळ सांगण्याचे. जमिनीखालून धावणारी रेल्वे त्यांनी गांडूळ म्हणून काढली आणि रोजची ठरलेली बस इमानी कुत्रा म्हणून. एरवी साहेबाने जंगलाचे वर्णन करायचे असते. इथे जंगलातला माणूस साहेबाच्या शहराचे वर्णन करतो. मजकूर इंग्रजीत असला तरी मोठ्या माणसाने शेजारी बसून मराठीत सांगितले की चित्रे आपले काम करतात.

स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठी ‘तोत्तोचान’ आहे. तेत्सुको कुरोयानागी यांच्या १९८१ च्या या जपानी पुस्तकाचा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला. टोकियोतल्या तोमोए शाळेचे वर्ग रेल्वेच्या डब्यांत भरत. मुख्याध्यापक कोबायाशी खेळांची आखणीच अशी करत की उंची न वाढलेला मुलगा शर्यती जिंकावा. पोलिओ झालेल्या मित्राला झाडावर चढवण्याची तोत्तोचान या छोट्या मुलीची धडपड वाचताना जपान परका राहत नाही. शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळते, तेव्हा युद्ध म्हणजे काय हेही मुलाला कळते.

किशोरवयात अन्यायाची जाण तीव्र असते. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून मराठी घरांत वाचले जात आहे. गुलामीत जन्मलेला, शिक्षणासाठी गावोगाव वणवण केलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत आला आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमुगासारखी पिके घ्यायला त्याने शेतकऱ्यांना शिकवले. याच पुस्तकाशेजारी ‘भीमायन’ (२०११) ठेवावे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांना पाणी, निवारा आणि प्रवास यांसाठी सोसाव्या लागलेल्या अपमानांची कथा चित्रांत मांडली आहे. त्यात विखारी बोलण्याचे फुगे विंचवाच्या नांगीचे आहेत आणि सौम्य बोलण्याचे पक्ष्यांच्या आकाराचे. ही दोन पुस्तके लागोपाठ वाचणाऱ्याला अमेरिकेतला वर्णभेद आणि आपल्या गावचा पाणवठा एकमेकांपासून दूर नाहीत हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्या जोडीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) असावी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शिकवायला आलेला तरुण मास्तर शेवटी त्या माणसांकडूनच किती शिकतो, ते तिच्यात आहे.

प्रौढ वाचकाच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, कारण इथे ज्यांचे जगणे त्यांनीच ते लिहिले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली. कैकाड्यांची बिऱ्हाडे आणि गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींचे हाल त्यामुळे प्रथमच आतून दिसले. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) बाईची बाजू येते, बांबूच्या टोपल्या विणणारी आई आणि लिहिणारी मुलगी यांचे नाते त्या पुस्तकाच्या नावातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नवऱ्याच्या धर्मांतराने दुभंगलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या संसाराची हकीकत सांगतात. सोवळ्यातून बाहेर पडणाऱ्या मनाचा इतका प्रांजळ हिशेब दुर्मीळ आहे. हमीद दलवाईंची ‘इंधन’ (१९६५) कोकणातल्या मुस्लिम घराची आणि गावातल्या तणावाची कादंबरी आहे. दामोदर मावजो यांची कोंकणी ‘कार्मेलीन’ गोव्यातल्या ख्रिस्ती बाईला घरकामासाठी कुवेतला नेते.

त्यापुढे देशाबाहेर पाहावे. चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) इंग्रज येण्याआधीच्या आणि आल्यानंतरच्या इग्बो समाजाचे चित्र काढते. युरोपी कादंबऱ्यांतली मुकी आफ्रिका इथे स्वतःच्या म्हणींसह बोलते. अचेबे आपल्या समाजाचे दोषही झाकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो.

कोणत्याही वयासाठी यादी करताना पुस्तके जोडीने ठेवली तर ती एकमेकांना उजळतात : एक आपल्या घरचे, एक शेजारचे, एक दूरचे. महाराष्ट्रातल्या शाळा १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करतात. त्या दिवशी टेबलावर मांडलेल्या पुस्तकांत, वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपले घर सापडेल असे एक तरी पुस्तक असायलाच हवे. नसेल, तर पुढच्या खरेदीत सर्वांत आधी ते घ्यावे.