बोल्स क्लबला नवीन गडी हवेत!

लॉन बोल्स म्हटलं की आपल्याला फार तर २०२२ चं बर्मिंगहॅम आठवतं. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी फायनलला दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून कॉमनवेल्थचं गोल्ड आणलं, आणि दोन दिवस सगळे या खेळाचे एक्स्पर्ट झाले!

ऑस्ट्रेलियात मात्र हा गल्लीतला खेळ. उपनगरांतून क्लब, कापलेली हिरवळ, पांढऱ्या कपड्यांतले आजी-आजोबा. पंचाईत तिथेच आहे. आजोबा थकले की त्यांच्या जागी कोणी येत नाही, वर्गणी आटते, आणि मोक्याच्या जमिनीवर नजर ठेवणारे सगळीकडेच असतात. बरेच क्लब बंद पडले, काही शेजारच्या क्लबात मिसळून गेले.

यावर तिथे निघालेला उपाय म्हणजे ‘बेअरफूट बोल्स’. ड्रेसकोड नाही, बॉल क्लबचेच, सोबत बिअर आणि बार्बेक्यू. अनवाणी खेळण्यात लॉजिक आहे बरं का. टाचेच्या बुटांनी हिरवळ खराब होते, म्हणून सपाट तळाचे बूट लागतात. एका संध्याकाळसाठी ते कोण विकत घेणार? त्यापेक्षा पाय बरे.

पण माझ्या मते माणूस अडकतो तो बिअरमुळे नाही, बॉलमुळे. हा बॉल पूर्ण गोल नसतो. एका बाजूला त्याचा आकार किंचित वेगळा ठेवलेला असतो, त्याला ‘बायस’ म्हणतात. सुरुवातीला बॉल जवळजवळ सरळ जातो, आणि वेग कमी होत गेला की जास्त जास्त वळतो. म्हणजे ‘जॅक’ नावाच्या छोट्या बॉलजवळ पोचायचं तर नेम बाजूला धरायचा. नवशिक्याला एवढंच सांगावं लागतं की बॉलवरचं लहान वर्तुळ ज्या बाजूला, त्या बाजूला तो वळणार. दहा मिनिटांत एखादा तरी बॉल जॅकला चिकटतो, आणि मग ‘अजून एक’ सुरू होतं. टेनिसमध्ये दहा मिनिटांत नुसते बॉल गोळा करावे लागतात!

तरीही शुक्रवारी मजा करून गेलेला ग्रुप मेंबर होतोच असं नाही. मॅचला अख्खी दुपार जाते. नाव विचारून, ‘पुढच्या आठवड्यात माझ्या टीममध्ये ये’ म्हणणारं कोणीतरी तिथे लागतं. २००२ च्या ‘क्रॅकरजॅक’ या ऑस्ट्रेलियन सिनेमातला हिरो तर पार्किंगच्या जागेसाठी मेंबर झालेला असतो. क्लबवाले त्याला खेळायला लावतात, तेव्हा कुठे तो त्यांचा होतो.

आपल्याकडे नवीन गडी आले ते दुसऱ्या खेळांतून. रूपा राणी कबड्डीतून, नयनमोनी वेटलिफ्टिंगमधून, लव्हली ॲथलेटिक्समधून. पिंकी दिल्लीच्या एका शाळेत पी.टी. टीचर होती. २०१० च्या कॉमनवेल्थच्या सरावासाठी त्याच शाळेत लॉन बोल्सची हिरवळ तयार झाली, आणि तिने बॉल हातात घेऊन बघितला.