सारथी बदलतो तेव्हां



शर्यती हा विषय निवृत्त शाळामास्तराच्या तोंडीं शोभेल काय, अशी शंका माझ्या घरांतूनच प्रथम निघाली. ती गैरवाजवी नव्हती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. सारी हयात इंदापूर तालुक्यांत मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत गेली. मोटारीच्या यंत्राचें मला ज्ञान नाहीं, आणि बैलाची पारख तर त्याहूनहि नाहीं. परंतु २०२४ सालीं, अवघ्या तीन महिन्यांच्या आंत, एकच प्रश्न मला दोन ठिकाणीं विचारण्यांत आला. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

पहिल्यानें तो विचारला माझ्या नातवानें. तो बारामतीस शिकतो, आणि फॉर्म्युला वन या नांवाच्या ज्या जागतिक मोटार-शर्यती होतात त्या अपरात्रीं उठूनहि पाहतो. १ फेब्रुवारी २०२४ रोजीं असें जाहीर झालें कीं, सात वेळां जगज्जेता ठरलेला इंग्लंडचा लुईस हॅमिल्टन हा मर्सिडीज संघ सोडून पुढील वर्षापासून फेरारी या इटालियन संघाकडे जाणार. दुसऱ्या दिवशीं सकाळींच नातवाचा फोन आला. घरांत कोणी दगावलें असावें असा त्याचा आवाज होता. "आजोबा, आतां मर्सिडीजच्या गाडींत कोण बसणार?"

दुसऱ्यानें तो विचारला आमच्या गांवच्या न्हाव्यानें, चैत्रांत, यात्रेला पंधरा दिवस उरले असतांना. माझा एक जुना विद्यार्थी छकडी हांकण्यांत पटाईत आहे. ज्या मालकाची जोडी तो हांकीत असे त्याला सोडून तो नीरा नदीकांठच्या दुसऱ्या एका मालकाकडे गेला होता. माझ्या गालावर वस्तरा, आणि न्हावी विचारतो, "गुरुजी, आतां त्या छकडीवर कोण बसणार?"

ज्यांचें आयुष्य पुण्या-मुंबईंत गेलें त्यांच्यासाठीं येथें थोडा खुलासा करावयास हवा. पुणे जिल्ह्यांत बैलांच्या शर्यतीच्या दोन तऱ्हा आहेत. खेड, आंबेगांव, जुन्नर या बाजूस घाट असतो. तेथें गाड्यावर माणूस बसत नाहीं, बैल आपल्या बळावर चढण चढतात, पुढें घोडीस्वार असतो, आणि निकाल घड्याळावर लागतो. आमच्याकडे, बारामती-इंदापुराच्या सपाट माळावर, छकड्या शेजारीं शेजारीं सुटतात, आणि प्रत्येकीवर एक माणूस असतो. लोक त्याला सरळ ड्रायव्हर म्हणतात. मी जुन्या वळणाचा असल्यामुळें सारथी म्हणतों. पुष्कळदां जोडींतला एक बैल एका मालकाचा व दुसरा दुसऱ्याचा असतो. या करारास पैरा म्हणतात. म्हणजे ज्या दोन जनावरांची एकमेकांशीं धड ओळखहि नाहीं त्यांना क्षणभरांत एका चालीवर आणून सरळ रेषेंत पळविणें हें त्या माणसाचें काम. फळकुटाएवढी बसावयास जागा, आणि पडला तर मागून येणाऱ्या चाकांची धास्ती.

या शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानें बंद झाल्या होत्या. २०१७ सालीं राज्यानें कायद्यांत दुरुस्ती केली, तरी गाडा हलला नाहीं. पुढें १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. जनावरांच्या छळाचा आक्षेप होता, आणि तो अगदींच खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. पिरगळलेल्या शेपट्या मीं स्वतः पाहिल्या आहेत. परंतु माझ्या विद्यार्थ्याचीं एकोणीस ते सव्वीस हीं वर्षें त्या बंदींत गेलीं, हेंहि खरें. त्या काळांत तो उसाचा ट्रॅक्टर चालवीत असे.

आतां मोटारींकडे वळूं. फॉर्म्युला वनमध्यें प्रत्येक संघ आपली गाडी आपण बांधतो, आणि अशा दोनच गाड्या शर्यतींत उतरवितो. २०२४ सालीं असे दहा संघ होते. म्हणजे साऱ्या पृथ्वीवर मिळून जागा वीस. त्यांपैकीं एक रिकामी झाली कीं काय होतें तें शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. बारामतीचा एक मास्तर इंदापुरास बदलला कीं त्याच्यामागें चार घरांतील भांडीकुंडीं हालतात. येथेंहि तसेंच. हॅमिल्टननेंच यापूर्वीं, २८ सप्टेंबर २०१२ रोजीं, मॅक्लारेन संघ सोडून मर्सिडीजकडे जाण्याचें जाहीर केलें होतें. तेव्हां मॅक्लारेननें झाउबर संघाचा सर्जिओ पेरेझ उचलला. झाउबरनें निको हुल्केनबर्ग याला फोर्स इंडिया संघांतून नेलें. हा फोर्स इंडिया म्हणजे विजय मल्ल्या आणि सहारा समूह यांच्या मालकीचा, आपल्या देशाचें नांव लावणारा संघ. इंग्लंडांतील एका माणसानें घर बदललें, आणि त्याची झळ पांच महिन्यांनीं भारतीय मालकाच्या दारापर्यंत आली! तेथील ती जागा फेब्रुवारी २०१३ च्या अखेरीपर्यंत रिकामी होती. जूल बियांकी या फ्रेंच तरुणास घ्यावें कीं एड्रियन सुटिल या आपल्याच जुन्या सारथ्यास परत बोलवावें, याची चर्चा शर्यती सुरू होण्याच्या तोंडापर्यंत चालली, आणि अखेर सुटिल आला. मास्तरांच्या बदल्यांत व या बदल्यांत फरक एवढाच कीं, आमच्यांत शेवटीं कोणी बेकार होत नाहीं. त्या उलथापालथींत झाउबरचा जपानी सारथी कामुई कोबायाशी याला मात्र पुढच्या वर्षीं फॉर्म्युला वनमध्यें जागाच उरली नाहीं.

२०२४ च्या प्रकरणांत याहून चमत्कारिक गोष्ट घडली. हॅमिल्टन फेरारीकडे जाणार म्हणजे फेरारीचा एक सारथी निघणार हें उघड होतें. तो होता स्पेनचा कार्लोस साइन्झ. त्याच्या हातून कांहीं प्रमाद घडला होता असें नाहीं. मार्चमध्यें त्याचें आंत्रपुच्छाचें ऑपरेशन झालें, एक शर्यत बुडाली, आणि दोन आठवड्यांनीं त्यानें ऑस्ट्रेलियांतील शर्यत जिंकून दाखविली. जी शर्यत बुडाली तींत, जेद्दा येथें, त्याच्या जागीं ऑलिव्हर बेअरमन नांवाचा अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा एका दिवसाच्या आंत गाडींत बसविण्यांत आला. तो सातवा आला! इतकें होऊनहि मोठ्या संघांपैकीं एकानेंहि साइन्झला हांक मारली नाहीं. जुलैच्या अखेरीस त्यानें विल्यम्स या त्या काळीं मागें पडलेल्या संघाशीं करार केला. गुणी मनुष्य वाट पाहत उभा आणि जागा दुसऱ्यांसाठीं राखलेल्या, हें दृश्य नोकरीपेशांतील श्रोत्यांना अपरिचित नसावें.

मर्सिडीजचे प्रमुख टोटो वोल्फ यांच्यापुढें दोन मार्ग होते. एक, ज्याची कीर्ति सिद्ध आहे असा सारथी आणणें. मॅक्स व्हर्स्टापेन यावा अशी त्यांची इच्छा त्यांनीं लपविली नाहीं, पण तो आला नाहीं; फर्नांडो अलोन्सो याचें नांव निघालें, परंतु त्यानें एप्रिलमध्यें आपल्याच संघाशीं करार वाढविला. दुसरा मार्ग म्हणजे आपल्याच आखाड्यांत वाढविलेला मुलगा पुढें करणें. आंद्रेआ किमी अँटोनेली हा बोलोन्या शहराचा मुलगा बालपणापासून मर्सिडीजच्या छत्राखालीं होता. ऑगस्ट २०२४ मध्यें त्याला नुकतेंच अठरावें वर्ष पूर्ण झालें होतें. त्या महिन्याच्या ३० तारखेस इटलींतील मोन्झा येथें, आपल्याच देशबांधवांसमोर, सरावासाठीं त्याच्या हातीं गाडी दिली. दहा मिनिटांच्या आंत त्यानें ती वळणावर भिंतीस नेऊन आदळली. आणि दुसऱ्याच दिवशीं वोल्फ यांनीं जाहीर केलें कीं, हॅमिल्टनच्या जागीं हाच.

नातवाला हा मूर्खपणा वाटला. मला वाटला नाहीं. परीक्षेच्या आदल्या दिवशीं पाटी फोडणारीं पुष्कळ मुलें मीं पाहिलीं आहेत, आणि पाटी फुटली यावरून गणित येत नाहीं असें अनुमान मीं कधीं काढलें नाहीं. पण वोल्फ यांनीं कशावरून अनुमान काढलें, हा प्रश्न उरतोच, आणि या साऱ्या चर्चेचें मर्म तेथेंच आहे. विजय मिळतो तेव्हां त्यांत गाडीचा वांटा किती व माणसाचा किती, हें वेगळें काढून दाखविणारी तागडी कोणाजवळ नाहीं. हॅमिल्टननें सातांपैकीं सहा जगज्जेतेपदें मर्सिडीजच्या गाडींत मिळविलीं. तीं गाडीचीं कीं त्याचीं? जो संघ त्याला नेतो तो समजतो, त्याचीं. ज्या संघाला तो सोडतो तो मनांतल्या मनांत म्हणतो, आमचीं. दोघेहि आपापल्या समजुतीवर पैसा लावतात. नवा कोण, नवा कोण, असा जो कोलाहल उठतो तो खरें पाहतां याच न सुटलेल्या उदाहरणाचा असतो.

एक मोजमाप मात्र आहे, आणि तें फॉर्म्युला वनमध्यें सर्वजण वापरतात. संघाच्या दोन गाड्या बहुतांशीं सारख्या असतात. तेव्हां सारथ्याची खरी तुलना प्रतिस्पर्ध्याशीं होत नसून शेजारच्या सोबत्याशीं होते. २०२५ च्या साऱ्या हंगामांत हॅमिल्टनला फेरारीच्या गाडींत एकाहि मुख्य शर्यतींत पहिल्या तिघांत येतां आलें नाहीं. गाडी वाईट होती असें म्हणावें, तर त्याच गाडीच्या जोडीदारांत शार्ल लक्लेर अनेकदां पहिल्या तिघांत आला. आणि तो भिंतीवर आदळलेला मुलगा? ऑस्ट्रेलियांतील आपल्या पहिल्याच शर्यतींत तो चौथा आला, व जूनमध्यें कॅनडांत तिसरा. नातू आतां त्याचें चित्र भिंतीवर लावतो.

हें मोजमापहि सर्वांच्या नशिबीं नसतें. आपला नरेन कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्यें धावलेला पहिला भारतीय. तो २००५ सालीं जॉर्डन संघाकडून उतरला. २०११ सालीं एचआरटी या अगदीं तळाच्या संघांत त्याला पुन्हां जागा मिळाली. आठ शर्यती झाल्यावर ती काढून डॅनियल रिकार्डो याला देण्यांत आली. त्याच्या पाठीशीं रेड बुलसारखी धनाढ्य संस्था होती. ३० ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लीजवळ भारतांतील पहिली शर्यत झाली तेव्हां कार्तिकेयनला पुन्हां बसविलें, कारण प्रेक्षक भारतीय होते. सर्वांत मागें धावणाऱ्या गाडींत मनुष्य किती चांगला आहे हें पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाहींत. तेथें जागा गुणांवर ठरते तशी पाठीराख्याच्या थैलीवरहि ठरते, आणि हें तो व्यवसाय उघडपणें मान्य करतो.

आमच्या माळावर तर सोबत्याची तुलना मुळींच शक्य नाहीं. कोणतेहि दोन बैल सारखे नसतात. तोच बैलहि आज जसा पळाला तसा उद्यां पळत नाहीं. म्हणून यात्रेपूर्वींच्या त्या पंधरा दिवसांत गांवांत जे तर्क चालले ते ऐकण्यासारखे होते. कोणी म्हणे मालक बाहेरचा नामांकित ड्रायव्हर आणील. कोणी म्हणे बैलांनाच नवा हात मानवणार नाहीं. हॉटेलांत यावरून एक जुनी मैत्री तुटतां तुटतां राहिली. मालकानें अखेर आपल्या भाच्याला बसविलें, वय वर्षें वीस. मोन्झाची बातमी यायला अजून चार महिने अवकाश होता, नाहींतर मीं त्याला दूरदर्शी म्हटलें असतें.

यात्रेच्या दिवशीं ती जोडी अंतिम फेरींत तिसरी आली. पूर्वीं ती पहिली येत असे. माझा विद्यार्थी नव्या मालकाची जोडी घेऊन उतरला होता. तो पहिल्या गटांतच मागें पडला. दोन्ही पक्षांना आपलेंच खरें असें म्हणण्यास यामुळें भरपूर जागा मिळाली, आणि वाद आजतागायत मिटलेला नाहीं.

संध्याकाळीं तो मला भेटावयास आला. पायाला खरचटलें होतें. तूं तो मालक कां सोडलास, पैशासाठीं काय, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "नाहीं गुरुजी. पैसे तिकडे थोडे जास्तच होते. पण दोन वर्षांत एवढ्या शर्यती मारल्या, कर्ण्यावर बैलांचीं नांवें पुकारलीं, मालकाचें नांव पुकारलें, गांवाचें पुकारलें. माझें नांव एकदांहि पुकारलें नाहीं. ह्यांनीं फलकावर छापतों म्हणून सांगितलें."

वेशीजवळ तो फलक अजून बांधलेला होता. तो मला तेथवर घेऊन गेला. मोठ्या अक्षरांत बैल, त्याखालीं मालक, आणि अगदीं तळाला, बारीक पण स्पष्ट, त्याचें नांव. आडनांवाची वेलांटी चुकली होती. मीं ती त्याला दाखविली नाहीं.