वादळी समुद्र, होड्या आणि तैलरंग

माध्यम
- तैलरंग : रंगद्रव्य आणि जवसाचे तेल. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तेल घट्ट होते. ते पाण्यासारखे उडून जात नाही.
- नियम : खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे तेलकट. क्रम उलटल्यास भेगा पडतात.
- फेस : जाड पांढरा रंग, पॅलेट नाइफने, शेवटी.
- व्हार्निश : साधारण 6 ते 12 महिन्यांनी.

पाणी
- खाडी : ठाण्यातील मानपाड्याजवळ घोडबंदरकडे वसईची खाडी. वाऱ्याला मोकळे अंतर कमी, म्हणून लाटा आखूड, पाणी गढूळ.
- खुला समुद्र : लाटा उंच, माथे फुटलेले. जोराच्या वाऱ्यात (ताशी 62 ते 74 किमी) फेसाच्या रेघा वाऱ्याच्या दिशेने ओढल्या जातात.

नौका
- होडी : लहान, वल्ह्याची.
- मचवा : मध्यम, शिडाचा.
- गलबत : मोठे, शिडाचे, मालवाहू.
- महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी. त्यामुळे ऐन पावसाळ्यात बहुतेक बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या दिसतात.

टप्पे
- 1633 : रेम्ब्राँ, 'गॅलिलीच्या समुद्रातील वादळ'. 1990 मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयातून चोरीस.
- 1850 : आयवाझोव्स्की, 'नववी लाट'.
- 1857 : मुंबईत सर ज. जी. कलाशाळेची स्थापना, येथे पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रकला-शिक्षण सुरू झाले.
- 1888 : बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना.